दागिना आधी उलटा करा

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि दागिन्यांबद्दल या पानाला येणाऱ्या प्रश्नांचंही तसंच होतं. यावेळी तर ढीगच आलाय. सारखे सारखे होते ते एकत्र केले, काही पुढच्या अंकाला ठेवले. नावं छापत नाही, कुणाच्या कपाटात काय आहे हे गावाला कशाला सांगायचं.

प्रश्न (मानेवाडा) : काका, माझ्या आजेसासूबाईंची बोरमाळ आहे, घरात सगळे 4 तोळ्यांची म्हणतात. मला ती आटवून हिऱ्याचा नाजूक सेट करायचाय, ही जुन्या पद्धतीची माझ्याने घालवत नाही. एका दुकानात दाखवली तर ते म्हणे अडीच तोळेच धरू. नवरा म्हणतो फसवून राहिले. काय करू?

उत्तर : ताई, फसवूनच राहिले असतील असं नाही आणि नसतील असंही नाही, आधी हिशोब समजून घ्या मग भांडायला जा.

पहिली गोष्ट तोळ्याची. आजेसासूबाईंच्या काळचा तोळा म्हणजे 12 मासे, 96 गुंजा, आजच्या वजनात 11.66 ग्रॅम. आता बाजारात तोळा म्हटलं की सरळ 10 ग्रॅम धरतात. म्हणजे त्यांचे 4 तोळे खरे असतील तर काट्यावर साडेशेहेचाळीस ग्रॅम दिसायला पाहिजे, दुकानदाराच्या भाषेत साडेचार तोळ्यांच्याही वर. तुमच्याकडे तर उलटं झालं, मग बाकीचं गेलं कुठे? तर ते लाखेत गेलं. जुन्या बोरमाळेचा मणी भरीव नसतो हो, पातळ पत्र्याच्या दोन वाट्या करून त्या जोडायच्या आणि आत लाख भरायची म्हणजे मणी चेपत नाही. घरात जे वजन पिढ्यानपिढ्या सांगतात ते बहुतेक लाखेसकट असतं. मागच्या दिवाळीत एक बाई अशीच माळ घेऊन आल्या, काट्यावर 23 ग्रॅम, मुशीतून, म्हणजे सोनं आटवायच्या भांड्यातून, बाहेर आलं 17. मी आधी सांगितलं होतं, तरी त्यांच्या डोळ्यात पाणी आलंच.

दुसरी गोष्ट टाक्याची, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूची. प्रत्येक मण्याला सांधा आहे, सांध्याला टाका आहे, आणि जुन्या टाक्यात तांबं-चांदी जास्त, कारण टाका सोन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर मणीच वाहून जाईल. एका माळेत पन्नास-साठ मणी धरा. सगळं एकत्र आटवलं की पत्रा बावीसचा असला तरी गोळी वीस कॅरेटची नाहीतर त्याहूनही खाली निघू शकते. यात चोरी कुणाची नाही, घडणच तशी आहे.

म्हणून काय करायचं, तर तुमच्या समोर एकच मणी उघडायला लावायचा. लाख काढून नुसता पत्रा तोलायचा, मणी मोजायचे आणि गुणाकार करायचा, पाच मिनिटांचं काम आहे. कुणी मणी उघडायला नाही म्हणत असेल तर माळ पिशवीत टाका आणि घरी या. आटवायचंच ठरलं तर आधी आणि नंतर दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मूस शेगडीवर असताना चहाला जाऊ नका, चहा इथेच मागवा म्हणा. शुद्धता बघायला हॉलमार्किंग सेंटरला गोळी घेऊन जा, माळ नको. ते कॅरेट सांगणारं मशीन फक्त वरचा थर वाचतं, आतलं त्याला दिसत नाही, गोळीत मात्र सगळं मिसळलेलं असतं.

आता माझं मत विचारलं नाही तरी सांगतो. आटवू नका. ती माळ उलटी करून एक मणी उन्हात धरा, वाट्या जिथे जुळतात तिथे रेघ दिसते का बघा. हाताने घडवलेल्या चांगल्या मण्याला ती शोधावी लागते. तसे मणी घडवणारे हात आता सराफ्यात शोधावे लागतात आणि सापडले तरी त्यांची मजुरी ऐकून तुम्ही परत याल. हिऱ्याच्या सेटचं म्हणाल तर तो परत द्यायला गेलात की सोन्याचा भाव मिळेल, बारीक हिऱ्यांचं कुणी फारसं काही देत नाही. माळ रेशमात नवीन गाठवून घ्या, दोन इंच आखूड करा, गळ्याशी बसली की जुनी वाटत नाही. आणि गरम पाण्यात धुऊ नका, आतली लाख मऊ पडते.

प्रश्न (धरमपेठ) : घडणावळ एका दुकानात 8 टक्के, दुसऱ्यात 18. सोनं तेच, भाव तोच. मग हे 10 टक्के कशाचे? एसीचे का?

उत्तर : थोडे एसीचे आहेतच की. जाहिरातीतल्या हिरोइनचेही आहेत. पण सगळे नाहीत.

मशीनच्या चेनचा तास आणि हाताच्या चेनचा तास एक नाही. माझे वडील साखळी कशी करायचे ते सांगतो, मग टक्के मोजा. सोनं मुशीत आटवून लोखंडी साच्यात ओतायचं, कांब निघते. कांब ऐरणीवर ठोकून लांबवायची, मग जंतरातून ओढायची. जंतर म्हणजे पोलादी पट्टी, तिला मोठ्यापासून बारीक अशी भोकं, तार एकेका भोकातून खेचत न्यायची, दोन-तीन भोकं झाली की तार कडक होते, तिला ताव द्यायचा म्हणजे तापवून मऊ करायची, परत ओढायची. हवी तेवढी बारीक झाली की सळईवर गुंडाळायची, कापली की कड्या पडतात. मग एकेक कडी दुसरीत घालून तिच्या तोंडाशी टाकणखार आणि टाक्याचा कण, आणि फुंकणी. बाबा फुंकणीने दिव्याची ज्योत वळवायचे ती अशी की फुंकर तुटायचीच नाही, गाल फुगलेले आणि श्वास नाकाने आत चाललेला. मी सहावीत होतो तेव्हा करून पाहिलं, भोवळ आली. एका साखळीत दोन-अडीचशे कड्या, आणि एका कडीला फुंकर जास्त झाली की शेजारच्या चार वितळून एक. आणि हे सगळं नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, पंखा बंद करून. पंखा लावला की ज्योत हलते आणि कानशीचा कीस उडतो, तो कीस सोन्याचा असतो बाप्पा.

आता गॅसची टॉर्च आली, कॉम्प्युटरवर डिझाईन काढून मेणाचा साचा होतो, त्यावरून कास्टिंग होतं, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, बांगडीला कटाई होते. वाईट काहीच नाही त्यात. माप अचूक येतं, हलक्या वजनात होतं, स्वस्त पडतं. माझी तक्रार एवढीच की मशीनच्या मालाला हाताची घडणावळ लावतात. लाख रुपयांच्या सोन्यावर 8 टक्के म्हणजे 8 हजार आणि 18 म्हणजे 18 हजार, वरचे 10 हजार कुणाच्या हाताला गेले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ओळखायचं कसं? दागिना उलटा करा. समोरून सगळेच देखणे असतात. हाताच्या कामात मागच्या बाजूला एखादा सांधा किंचित जाड, कानशीची रेघ, दोन पानं सारखी पण जुळी नाहीत. कास्टिंगच्या मागे सगळं एकसारखं गुळगुळीत, कधी बारीक छिद्रं. आणि चांगला कारागीर मागची बाजूही साफ करतो, कारण त्याला माहीत असतं की दुसरा कारागीर ती बघणार आहे.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा चार्ज वेगवेगळा लिहिलेला पाहिजे. खडा सोन्याच्या भावात तोलला गेला की ते 18 टक्के बरे म्हणायची वेळ येते.

प्रश्न (सक्करदरा) : जुना सोनार म्हणतो केडीएमचं घ्या, ते जास्त शुद्ध. खरं का?

उत्तर : नाही. केडीएम म्हणजे कॅडमियमचा टाका. त्याने दागिन्याचा कस उतरायचा नाही, म्हणून एकेकाळी त्याचं कौतुक झालं. पण तापवला की कॅडमियमचा धूर होतो आणि तो कारागिराच्या छातीत जातो. आमच्याच गल्लीत खोकून खोकून धंदा सोडलेले पाहिलेत मी. बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, ते बंद केलंय. आता बघायच्या तीन खुणा : बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (बावीसला 916, अठराला 750) आणि 6 अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. तो नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, दागिन्याचा प्रकारही दिसतो. अंगठीचा नंबर टाकला आणि अॅपमध्ये बांगडी आली तर काय समजायचं ते समजा. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला आणि कुंदन, पोल्की, जडाऊ कामाला मात्र ही सक्ती नाही, त्यामुळे मुरणीवर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नका. घरातलं जुनं तपासायचं तर सेंटरवर स्वतः जाता येतं, 4 नगांपर्यंत 200 रुपये अधिक जीएसटी.

प्रश्न (नंदनवन) : साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा पडला. दोन वर्षं पण झाली नाहीत. हिरा तर सगळ्यात कठीण असतो ना? कणीक मळताना गेला असेल असं सासूबाई म्हणतात, आणि त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या.

उत्तर : हसू नये पण हसलो, माफ करा. कठीण हिरा असतो हो, त्याला धरणारं सोनं नाही. चार बारीक नख्यांनी, आम्ही प्राँग म्हणतो, तो धरलेला असतो. रोजची कणीक, भांड्याची तारेची घासणी, स्कूटीचं हँडल, नखी झिजते किंवा किंचित उठते. हिऱ्याचं काम 18 कॅरेटमध्ये करतात ते यासाठीच, बावीसचं सोनं मऊ, नखी सहज वाकते. काही लोक हट्टाने बावीसमध्ये करून घेतात, त्यांना मी सेटिंग बंद करायला लावतो, म्हणजे हिऱ्याच्या भोवती सोन्याची पूर्ण कड. चमक थोडी कमी दिसते पण हिरा बोटात राहतो.

नवीन हिरा बसवताना बाकीच्या नख्याही बघायला सांगा, एकटी कधी जात नाही. पुढे वर्षातून एकदा सोनाराकडे, आणि महिन्यातून एकदा घरी : अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, खुळखुळ आली तर घालू नका. सुती ओढणीवरून फिरवा, धागा अडकला तर नखी उठलीय. आणि कठीण म्हणजे फुटत नाही असं नाही हां, हिऱ्याला ओरखडा पडत नाही पण ओट्याच्या ग्रॅनाईटवर बरोबर कोपऱ्यात आपटला तर त्याचा टवका उडतो. विम्याचं मात्र विचारून घ्या, काही दुकानं वर्षभराचा देतात आणि लोक बिल फेकून देतात.

प्रश्न (वर्धा रोड) : नागपुरातच घेतलेला हिऱ्याचा पेंडंट मित्राच्या टेस्टरवर लावला, बीप वाजला, म्हणजे ओरिजिनल ना? बायको म्हणते इतका स्वस्त कसा.

उत्तर : वहिनी हुशार आहेत. तो टेस्टर उष्णता किती पटकन पळते एवढंच मोजतो. लॅबमध्ये बनवलेला हिरा पण कार्बनच, त्यालाही बीप. मॉइसनाईट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, हिरा नाहीच, तरी साध्या टेस्टरला तोही फसवतो. मॉइसनाईट ओळखायला 10 पट भिंग घ्या आणि खडा तिरका धरून मागचे पैलू बघा, रेघा दुहेरी दिसल्या तर तो हिरा नाही. लॅबचा हिरा मात्र माझ्या भिंगाला आणि तुमच्या मित्राच्या बीपला कळत नाही, त्याला वेगळं मशीन लागतं, म्हणून सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा नंबर हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलाय का ते दुकानातच भिंगातून बघा.

लॅबचा हिरा खोटा नाही. 2023 च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा दिला तो लॅबचाच होता. भानगड फक्त त्याला खाणीतला म्हणून विकण्यात आणि पुढे विकायला गेलात तर हाती जवळजवळ काही न येण्यात आहे. हौसेला घ्या, पोरीच्या लग्नाची तरतूद म्हणून घेऊ नका. आणि एक हिशोब लक्षात ठेवा, हिऱ्याचा कॅरेट वजनाचा आणि सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, दोघांचा संबंध नाही. हिऱ्याचा 1 कॅरेट म्हणजे 100 सेंट म्हणजे फक्त 0.2 ग्रॅम. '20 सेंटचा सेट' ऐकायला भारी वाटतं, त्यात वीस बारीक हिरे असतात आणि सगळे मिळून गुंजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके भरतात.

प्रश्न (महाल) : आजोबांची 1964 सालची लग्नाची अंगठी तपासली तर 14 कॅरेट निघाली. आजी अजून म्हणते सोनार घरचा होता. घरच्यानेच फसवलं का? आजीला सांगू का नको?

उत्तर : सांगा, बिनधास्त सांगा, आणि हेही सांगा की सोनाराने कायदा पाळला. चीनचं युद्ध झालं, देशाची परकीय चलनाची ओढाताण, त्यात बाहेरून चोरट्या सोन्याची आवक, म्हणून जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. अर्थमंत्री मोरारजी देसाई. 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. हजारो सोनारांचं काम बसलं. पुढे 1968 चा कायदा आला आणि तो जाऊन व्यवहार मोकळा झाला 1990 मध्ये. आमच्या आजोबांनी ते दिवस चांदीची जोडवी आणि देवाचे टाक करून काढले. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण 14 हा आकडा निघाला की आजोबा उठून बाहेर जायचे.

लोकांना ते सोनं पटलं नाही, कारण 58.5 टक्केच सोनं, बाकी तांबं-चांदी, रंग लालसर. तुमची अंगठी लालसर आहे ना? आणि साठ वर्षं बोटात राहूनही कड शाबूत असेल. मिश्रण जास्त म्हणून ती कडक. विकायला गेलात तर बावीसपेक्षा कमी येणार हे खरं, पण 1964 ची 14 कॅरेटची लग्नाची अंगठी महालातल्या किती घरात निघेल? आतल्या बाजूला सोनाराचा शिक्का असेल तर भिंगाने वाचून घ्या, बहुतेकवेळा फक्त एक-दोन अक्षरं असतात. आजीला नाव आठवत असेल तर अक्षर जुळतं का बघा.

प्रश्न (प्रतापनगर) : थर्मामीटर फुटला, पारा हाताने उचलला, बांगडी पांढरी पडली. गॅसवर धरू का?

उत्तर : अजिबात नको! पारा सोन्यात शिरतो, तापवला की त्याची वाफ होते आणि ती वाफ विष आहे, पोरंबाळं आहेत घरात. बांगडी वेगळ्या पिशवीत बांधा, बाकीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, आणि सोनाराला आधीच सांगा की पाऱ्याचं आहे, म्हणजे तो खिडकी उघडून करेल. पारा परत हाताने उचलू नका.

प्रश्न (उमरेड) : सर, बारावी झाली. आम्ही सोनार पण वडिलांनी किराणा टाकला. मला काम शिकायचंय. बाबा म्हणतात हा धंदा बंगाली कारागिरांनी आणि मशीनने खाल्ला. ज्वेलरी डिझाईनचा कोर्स करू की कुणाच्या हाताखाली बसू?

उत्तर : सर नको, काका म्हण. तुझे बाबा अर्धे बरोबर आहेत. इतवारीतल्या माड्यांवर चढलास तर बारीक काम करणारी बरीच पोरं बंगालची दिसतील. पण त्यांनी कुणाचं खाल्लं नाही रे, आमच्या पोरांनी ताट सोडलं म्हणून ते बसले. बारा-बारा तास मांडी घालून एका जागी बसतात, तू बसशील का हा खरा प्रश्न आहे.

कोर्स कर, कॉम्प्युटरचं डिझाईन शिक, त्याला आज पैसा आहे. पण आधी सहा महिने हाताखाली बस. स्क्रीनवर पाकळी कितीही पातळ काढता येते, ती टाक्याच्या आगीत टिकते का हे हाताला कळतं. माझ्याकडे डिझाईन घेऊन येणारी पोरं बघतो ना, सुंदर काढतात, पण हिरे बसवणाऱ्या सेटरला नखी बसवायला जागाच ठेवत नाहीत.

सुरुवातीला तुला कुणी सोनं देणार नाही, वाईट वाटून घेऊ नको. पितळेची तार ओढशील, तांब्याच्या पत्र्यावर करवत चालवशील, दिवसाला दहा पाती मोडशील आणि त्यांचे पैसे तुझ्याकडून कापतील. रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारायचं काम तर नक्कीच तुझ्याकडे. मला बाबांनी दोन वर्षं फुंकणीला हात लावू दिला नाही, ऐरणीसमोरची जमीन झाडायला लावली. तेव्हा राग यायचा. ती झाडण आम्ही डब्यात साठवायचो, वर्षातून एकदा झारेकरी यायचा, तो सगळी माती धुऊन त्यातून सोनं काढायचा आणि डबा बघून पैसे मोजायचा. पहिल्या वर्षी माझ्या डब्याला जास्त पैसे आले म्हणून मी खूश होऊन बाबांना सांगायला गेलो, तर त्यांनी चांगलीच खरडपट्टी काढली माझी, म्हणे एवढं सोनं जमिनीवर पडूच कसं दिलंस, कानस मारताना मांडीवर कापड नव्हतं का तुझ्या.

तेव्हा येशील तेव्हा एक जाड सुती कापड घेऊन ये, बिनगाठीचं, ज्यात कीस अडकणार नाही. बाकी सगळं इथे आहे.